'तुझी यूएसपी काय?' या प्रश्नाचं उत्तर पोर्टफोलिओत मिळणार नाही

ताई, नमस्कार.

मी पुण्यात कम्युनिकेशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला पोर्टफोलिओसोबत स्वतःची यूएसपी (युनिक सेलिंग प्रपोझिशन, म्हणजे 'लोकांनी मलाच का निवडावं' याचं कारण) एका वाक्यात लिहायची आणि ज्युरीपुढे मांडायची आहे. मी लिहिलं होतं, 'मी एक मिनिमलिस्ट, युजर-सेंट्रिक व्हिज्युअल स्टोरीटेलर आहे.' सर म्हणाले, "वर्गातल्या कुणाचंही नाव वर टाक, काही फरक पडणार नाही." सगळे हसले. एका मैत्रिणीचं ॲनिमेशन भारी आहे, एका मित्राचं इलस्ट्रेशन बघताक्षणी ओळखू येतं. मला सगळंच थोडं थोडं येतं. लोगो, पॅकेजिंग, ॲपचे स्क्रीन. बाबांचं मिरजेला छोटं ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सुट्टीत मी तिथं बसून प्रुफं बघते, पण त्याला काही डिझाइन म्हणता येणार नाही, म्हणून त्यातलं काहीच पोर्टफोलिओत घातलेलं नाही. तीन आठवड्यांवर ज्युरी आलीय. आणि एकदा यूएसपी ठरवली की जन्मभर तेच करत बसायचं का? सीनियर म्हणतात, इन्स्टाग्रामवर पर्सनल ब्रँड उभा कर, यूएसपी आपोआप होते. तुम्हाला काय वाटतं?

– गोंधळलेली, कर्वेनगर

गोंधळलेल्या मुली,

सर्वांसमोर हसं झालं, ते लागलंच असणार. पण सरांनी तुला जी चाचणी दिली ती एकदम चोख आहे, ती सोडू नकोस. तिला माझी एक जोड देते. आपलं वाक्य उलटं करून बघायचं. 'मी युजरचा अजिबात विचार करत नाही' असं कुठला डिझायनर लिहील? कुणीच नाही. ज्याचं उलट कुणी म्हणणारच नाही, ते म्हणून आपण काहीच सांगितलेलं नसतं. मिनिमलिस्ट, स्टोरीटेलर, पॅशनेट, आउट ऑफ द बॉक्स ही सगळी त्याच गोतावळ्यातली मंडळी. दर जूनमध्ये नोकरीच्या अर्जांबरोबर ती घाऊक येतात आणि वाचणारा त्यांच्यावरून नजर फिरवून थेट कामाकडे जातो.

तुझी खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. तू स्वतःकडे बघत बसली आहेस. 'माझ्यात वेगळं काय?' ॲनिमेशनवालीत काहीतरी आहे, इलस्ट्रेशनवाल्यात आहे, मग माझ्यात कुठं आहे? हा प्रश्न विचारून माणूस फक्त खिन्न होतो.

यूएसपीचा मूळ प्रश्न हा नव्हताच. यूएसपीची कल्पना मांडली रॉसर रीव्हज यांनी. न्यूयॉर्कच्या टेड बेट्स या जाहिरात एजन्सीतले कॉपीरायटर, काळ १९४० च्या दशकाचा. त्यांच्या अटी तीन. जाहिरातीनं गिऱ्हाइकाला नेमका फायदा सांगायचा, म्हणजे 'हे घ्या, तुम्हाला हे मिळेल'. तो फायदा असा हवा की स्पर्धक तो देत नाही किंवा देऊ शकत नाही. आणि तो इतका जोरकस हवा की माणूस जागचा उठून दुकानात गेला पाहिजे. डिझाइनच्या वर्गात यातली मधली अट सगळ्यांच्या तोंडावर असते. पहिली आणि तिसरी कुणाच्या गावी नसते. म्हणून मुलं वेगळी दिसण्याच्या मागे लागतात आणि त्या वेगळेपणाचा कुणाला काय उपयोग, हे विचारायचं राहूनच जातं.

रीव्हज यांचं गाजलेलं काम म्हणजे एम अँड एम्सच्या चॉकलेटच्या गोळ्या. तोंडात विरघळतात, हातात नाही, हा दावा १९५० च्या दशकातला. गोळ्यांवर साखरेचं कवच तर १९४१ पासूनच होतं. नवीन काही बनवावं लागलं नाही. आईच्या पांढऱ्या सोफ्यावर पोराचे चॉकलेटी हात, ही ज्या घरांची कटकट होती त्यांच्याशी त्या कवचाची गाठ घालून दिली, एवढंच. त्याच्याही आधी क्लॉड हॉपकिन्स नावाच्या कॉपीरायटरनं श्लिट्झ बिअरसाठी असंच केलं होतं. बाटल्या वाफेनं धुतल्या जातात हे त्यानं जाहिरातीत लिहिलं. धुत सगळेच होते, पण सांगितलं कुणीच नव्हतं. मला तर यूएसपीच्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत कामाची वाटते. आपल्याकडे रोज घडतं म्हणून ज्याची किंमत आपल्यालाच उरलेली नसते, तिथं जाऊन बघावं.

म्हणून मी तुझ्या पत्रातल्या त्या प्रेसपाशी थांबले. तू ते वाक्य लाजत लिहिलंयस आणि पुढं गेलीस. मी गेले नाही.

मिरजेच्या त्या टेबलावर तू काय करतेस ते जरा आठव. वधूचे काका व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवरच्या नेहमीच्या मराठीत, मजकूर पाठवतात. ऑपरेटरच्या मशीनवर जुने फॉन्ट, त्यामुळे पेस्ट केलं की भलतीच अक्षरं उमटतात आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. नवं सॉफ्टवेअर असेल तर त्यात भारतीय भाषांची सेटिंग चालू केलेली नसते. मग पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उरतात, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. कुणीतरी नाव 'मोकळं' दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडलेले असतात. तू हे सगळं एका नजरेत पकडतेस. 'चि. सौ. कां.' कुणाच्या आधी येतं, मामांची नावं कुठल्या बाजूला, 'कृपया आहेर आणू नये' कुठं टाकलं की ते उद्धट वाटत नाही, हेही तुला ठाऊक आहे. गडद लाल जमिनीवर चार रंगांतून रिव्हर्स काढलेलं, म्हणजे शाई न लावता कागदाचाच पांढरा ठेवलेलं, बारीक अक्षर मशीनवर शाईनं भरून जातं आणि अनुस्वार गायब होतो, हे तू स्क्रीनवर नाही, बाबांच्या हातातल्या छापील कागदावर पाहिलेलं आहे.

आता वर्गात सभोवार बघ. हे किती जणांना माहीत आहे? बहुतेकांचा मराठी मजकूर इंग्रजी लेआउट पक्का झाल्यावर शेवटच्या रात्री येतो, ऑनलाइन भाषांतरातून उचलून.

म्हणजे तुझी यूएसपी 'मला मराठी येतं' अशी आहे का? नाही, थांब. ते झालं तुझ्याविषयी. गिऱ्हाईक कुठाय?

तर गिऱ्हाइकाकडे जाऊ. दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत हवं आणि ते दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको, अशी सुधारणा महाराष्ट्रानं २०२२ साली कायद्यात केली. मुंबईतले व्यापारी त्याविरोधात कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. पाट्या बदलल्या. कशा बदलल्या, ते लक्ष्मी रोडवर किंवा जंगली महाराज रस्त्यावर अर्धा तास चालून बघ. इंग्रजी नावाला ब्रँडचं देखणं अक्षर, त्याच्या शेजारी कुठल्या तरी तयार फॉन्टातली मराठी, लोखंडी पट्टी ठोकल्यासारखी. जाडी जुळत नाही, उंची जुळत नाही. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे, कारण फॉन्ट निवडणाऱ्याला मराठीत ही दोन अक्षरं वेगळी काढतात हेच माहीत नव्हतं. त्या दुकानदारांनी ब्रँडिंगवर पैसे खर्च केलेले आहेत. त्यांची अर्धी ओळख बिघडलेली आहे, आणि बिघाड त्यांना जाणवतो, पण नेमका काय ते सांगता येत नाही. हे एक गिऱ्हाईक.

दुसरं गिऱ्हाईक स्क्रीनवर. बँकेचं किंवा दवाखान्याचं ॲप मराठीत लावून बघ. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली, त्यामुळे वर मात्रा आणि रफार कापले जातात, खाली उकार. 'सेव्ह'च्या जागी 'जतन करा' आलं की चौकट पुरत नाही आणि शेवटी तीन टिंबं. पासष्टीच्या माणसाला ते वाचता आलं नाही की तो नातवाला बोलावतो. त्यात बँकेचं नुकसान आहे, आणि नुकसान होतंय म्हटलं की कुणीतरी पैसे द्यायला तयार असतं.

दोघांपैकी एकच निवड. मी तुझ्या जागी असते तर पाट्या आणि छपाई घेतली असती, कारण तिथं प्रेसचा अनुभव थेट कामाला येतो. पण स्क्रीनमध्ये नोकऱ्या जास्त आहेत हेही खरं. हा निर्णय तुझा.

मग विचार कर, या गिऱ्हाइकाकडे आज कोण कोण आहे? कोपऱ्यावरचा डीटीपीवाला आहे. स्वस्त, संध्याकाळी फाइल हातात, मराठी चांगली, पण दिसण्याच्या बाबतीत 'साहेब सांगतील तसं'. मोठी एजन्सी आहे. दिसणं उत्तम, मराठी मागाहून. तयार टेम्प्लेटं आहेत, जवळजवळ फुकट. आणि आता एआय आहे. एआयनं काढलेल्या पोस्टरवरची देवनागरी अजून पुष्कळदा अडखळते, म्हणून काही जण निर्धास्त आहेत. तू राहू नकोस, ती सुधारेल. म्हणून तुझं वचन 'माझी जोडाक्षरं बरोबर असतात' इतकंच असेल तर ते पुढच्या वर्षापर्यंतच टिकेल. मजकूर काय हवा हे मराठीतून ठरवणं, दोन लिप्यांना एका घरात नांदवणं आणि छापून भिंतीवर चढेपर्यंत मागं राहणं, इथपर्यंत जाशील तर डीटीपीवाला, एजन्सी आणि टेम्प्लेट यांच्यातल्या मोकळ्या जागेत तू उभी राहतेस.

आता वाक्य लिहू. मी कच्चं देते, तू तुझ्या भाषेत पक्कं कर:

'महाराष्ट्रातल्या दुकानांच्या आणि संस्थांच्या इंग्रजी ओळखीला मी तितक्याच तोलाची मराठी ओळख करून देते, आणि ती नीट छापून येईपर्यंत प्रेसवर उभी राहते.'

देखणं नाही, कबूल. पण वर मैत्रिणीचं नाव टाक, खोटं ठरतं. उलटं कर, बहुतेक जण आज तसंच वागताना दिसतील. आणि ज्याची पाटी बिघडलीय त्या दुकानदाराला ते लगेच कळतं. रीव्हज यांच्या तिन्ही अटी बसल्या.

इथं दोन खड्डे दाखवून ठेवते. पहिला, स्वस्ताईचा. फ्रीलान्स सुरू केलंस की 'मी कमी पैशात करते' हीच यूएसपी करायचा मोह होईल. निरमाला ते जमलं, कारण करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत १९६९ साली घरीच पावडर बनवायला घेतली आणि सायकलवरून दारोदार विकली. मोठ्या कंपनीचा खर्च त्यांना नव्हताच. तुझा खर्च कशानं कमी आहे? फक्त तू स्वतःला कमी मोजतेस म्हणून. तुझ्याहून निम्म्यात करणारा उद्या सकाळी उगवेल. दुसरा खड्डा शैलीचा. मित्राचं इलस्ट्रेशन ओळखू येतं, छान आहे, पण जे नुसतं दिसण्यात आहे त्याची नक्कल लवकर होते. त्याचीही यूएसपी त्याला शोधावीच लागणार आहे, फक्त त्याला अजून कुणी हसलेलं नाही.

शैलीवरून कमल शेडगे आठवले. नाटकांच्या शीर्षकांची अक्षरं म्हटलं की मराठी माणसाला हेच नाव आठवतं. २०२० साली ते गेले. त्यांच्या अक्षरांचं कौतुक करताना आपण सौंदर्यावर थांबतो. मी त्यांच्या गिऱ्हाइकाचा विचार करते. वर्तमानपत्राचं नाटकांच्या जाहिरातींचं पान, बहुतेक काळंपांढरं, कागद खरखरीत, एकाला एक चिकटलेल्या चौकटी. निर्मात्याला जागा परवडते दोन बोटं. तेवढ्यात वाचकाची नजर थांबली पाहिजे आणि नाटक विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की भयंकर, हे नुसत्या नावाच्या अक्षरांतून कळलं पाहिजे. निर्मात्याची ही गरज शेडगे वर्षानुवर्षं भागवत राहिले. प्रत्येक नाटकाचं अक्षर निराळं, तरी माणूस तोच, हे लोकांना कळत होतं. एखाद्या ग्रंथालयात जुन्या अंकांची बांधलेली पुस्तकं मिळाली तर ती पानं उघडून बस. एका दुपारी सेमिस्टरभराचं शिकशील.

आता पुरावा. यूएसपी म्हणजे शब्द दिला, आणि दिलेला शब्द निभवावा लागतो. विकोनं आपली हळदीची क्रीम सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदिक आहे असं सांगितलं, तर उत्पादनशुल्काच्या वादात तेच म्हणणं कोर्टात वर्षानुवर्षं लढवावं लागलं. तुला कोर्टात कुणी नेणार नाही, ज्युरी तेवढी नेईल. पोर्टफोलिओतली सगळी कामं तशीच ठेवून वर नवं वाक्य चिकटवलंस तर सर दुसऱ्या मिनिटाला पकडतील.

तीन आठवडे आहेत. एक काम नव्यानं कर, एकच, पण तळापर्यंत. पुण्यातलं खरंखुरं एक दुकान निवड. साखळी दुकान नको, मालक गल्ल्यावर बसलेला असेल असं. त्याच्याशी बोल. पाटी कुणी केली, किती लागले, मराठी नाव कुणी लिहून दिलं, लोक दुकानाला काय म्हणतात. गिऱ्हाईक ज्या नावानं हाक मारतं ते आणि पाटीवरचं नाव बऱ्याचदा वेगळी असतात, तिथंच तुला अर्धं डिझाइन मिळेल. मग त्याच्या इंग्रजी अक्षराची जाडी, उतार, टोकं बघून मराठी नाव हातानं काढ. हात अजून बसला नसेल तर मुक्ता किंवा बालूसारख्या फॉन्टपासून सुरू कर. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं ते केलेत, कुणालाही मोफत वापरता येतात आणि देवनागरी व रोमन दोन्ही त्यात एकत्र विचार करून काढलेल्या आहेत. मात्र 'ल' आणि 'श' मराठीच येताहेत ना, ते डोळ्यांनी तपास.

मग जुनी आणि नवी पाटी एकाच मापात छापून घे, रस्त्याच्या पलीकडून धर आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाचायला सांग. किती लांबून वाचता आली, कुठलं अक्षर अडलं, लिहून ठेव. हे टिपण ज्युरीपुढे ठेवशील तेव्हा 'मला असं वाटतं' म्हणायची वेळ येणार नाही. दुकानदाराला पटलं आणि त्यानं खरंच पाटी बदलली तर सोन्याहून पिवळं. नाही बदलली तर का नाही, तेही लिही. त्याचं कारण बहुतेक पैशाचं असेल, आणि तेही तुला पुढं उपयोगी पडेल.

या कामाच्या शेजारी प्रेसवरची दोन पानं टाक. सुंदर पत्रिका शोधत बसू नकोस. लाल पेनानं भरलेलं प्रूफ टाक, आणि त्याच्याशेजारी अंतिम छपाई. कुठला कागद, काय बिघडलं होतं, मशीनवर काय बदललं, दोन-दोन ओळींत. स्क्रीनशॉटांच्या ढिगाऱ्यात शाईचे डाग असलेला कागद ज्युरीच्या लक्षात राहील, याची मला खात्री आहे. बाबांच्या प्रेसचं नाव खाली स्पष्ट लिही.

जन्मभर तेच करावं लागेल का, हे विचारलंस. नाही गं. ही पहिल्या दोन-तीन वर्षांसाठीची दाराची कडी आहे, एकदा आत गेलीस की लोक तुला हळूहळू इतर कामंही देतात. उलट, सगळंच थोडं थोडं येणारीला आधी कशासाठी बोलवायचं, हेच कुणाला सुचत नाही. इंटर्नशिपला मात्र हे वाक्य घेऊन अडून बसू नकोस. तिथं सुरुवातीला बॅनरची मापं बदलायला लावतील, ती गुमान बदलायची. आणि उद्या ॲनिमेशन आवडलं तर खुशाल वाक्य बदल, फक्त नव्या वाक्याला नवा पुरावा लागेल.

इन्स्टाग्रामचं थोडक्यात. सीनियरांनी गाडीच्या पुढं डबे जोडलेत. सांगायला काही असेल तर इन्स्टाग्राम ते पोचवतं. चुकलेल्या पाट्यांचे फोटो टाकून टिंगल करायची लाट येते अधूनमधून, लाइक भरपूर मिळतात. त्यात पडू नकोस. ज्याची टिंगल करशील तोच तुझं गिऱ्हाईक आहे.

एक राहिलं. प्रेसवरची प्रुफं वापरताना लोकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर झाकायला विसरू नकोस, आणि पतसंस्थेच्या अहवालातलं पान घेणार असशील तर त्यांच्या मॅनेजरला आधी फोन करून विचार. आणि बाबांना आजच सांग की जुनी प्रुफं रद्दीत घालू नका. प्रेसवाल्यांना महिनाअखेरीला टेबल साफ करायची फार वाईट सवय असते.